किल्ली आत राहिली

१

पडद्याची दांडी आणायला म्हणून आम्ही त्या मोठ्या दुकानात गेलो आणि दोन उशा, एक कुंडी आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन बाहेर आलो. दांडी राहिलीच. शनिवारची दुपार होती, ऊन कोवळं होतं आणि बायको खुशीत होती. तिने पर्स पुढच्या सीटवर टाकली, दार लावलं आणि ट्रॉली परत ठेवायला गेली. मी सामान डिकीत रचलं आणि डिकी बंद केली.

टक्.

चारही दारं एका दमात लागली. दोन्ही बाजूंचे आरसे मिटले. किल्ली पर्समध्ये आणि पर्स गाडीत.

गाडी बायकोची. आठ महिन्यांपूर्वी तिने घेतली, स्वतःच्या पसंतीने. किल्ली नुसती जवळ असली की ही गाडी आपणहून उघडते, ज्याची किल्ली त्याच्या मापाने सीट पुढेमागे करते, आरसेही वळवते. दूर गेलात की आपणहून बंद होते. मी तिला ‘बाईसाहेब’ म्हणत असे. गाडीला म्हणतोय, बायकोला नव्हे.

बायको परत आल्यावर मी म्हटलं, "बोंबला! किल्ली आत राहिली."

मला वाटलं होतं, वैतागेल. ती हसली. मान हलवून म्हणाली, "काय हे! कमालच आहे."

ती मलाच म्हणाली, असं मी धरून चाललो.

तिचा फोनही पर्समध्येच होता, म्हणून माझ्या फोनवरून गाडीच्या हेल्पलाइनला लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती.

"सर, आपल्या गाडीत असं होऊ शकत नाही."

"झालंय."

"किल्ली आत असली तर गाडी लॉक होतच नाही, सर. तशी सोयच आहे. दुसरी किल्ली बाहेर, दारापासून हातभर अंतरावर असेल, तरच होते. दुसरी किल्ली आपल्याजवळ आहे का?"

"ती घरी आहे. फ्रिजशेजारी, खिळ्याला."

"मग घरातलं कुणीतरी घेऊन आलं असेल. जरा आजूबाजूला बघता का?"

मी खरंच बघितलं, वेड्यासारखं. एका बाजूला रिकामी जागा. दुसऱ्या बाजूला एक जोडपं भलामोठा खोका छोट्याशा गाडीत कोंबत होतं आणि एकमेकांवर खेकसत होतं. आमच्या घरात आम्ही दोघंच. अकरा वर्षं झाली, दोघंच.

टॅक्सी करून मी घरी गेलो. दुसरी किल्ली खिळ्याला जिथल्या तिथे होती आणि तिच्यावर बारीक धूळ होती. ती घेऊन उलट्या पावली फिरलो.

दुकानाशी उतरलो तेव्हा बायको लांबून दिसली. ड्रायव्हरच्या दाराला टेकून उभी होती, काचेकडे तोंड करून, आणि बोलत होती. मध्येच थांबत होती, ऐकत होती, मग मान मागे टाकून हसत होती.

इथे माझा धंदा सांगायला हवा. मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या आणि कॅप बनवतो. लोक डोळे बघतात, मी जबडे बघतो. बायकोच्या वरच्या शेवटच्या दाढेवरची कॅप मी स्वतः बनवली आहे, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. ती इतकी मागे आहे की बाई पोटापासून हसल्याशिवाय दिसत नाही. मी ती बसवून घेतल्यापासून फार तर दोनदा पाहिली असेल. त्या दुपारी तीस पावलांवरून मला ती चमकताना दिसली.

"कुणाशी बोलत होतीस?" मी विचारलं.

"कुणाशी बोलणार? गुणगुणत होते."

२

घरी येताना ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली आणि तिचे पाय पेडलपर्यंत पोचेनात. सीट पार मागे गेली होती. ती जेमतेम पाच फुटांची, मी तिच्याहून चार बोटं उंच. आम्हा दोघांपैकी कुणाच्याच मापाची ती जागा नव्हती.

"हे कुणी केलं?" मी म्हटलं.

"सेटिंग हललं असेल." तिने बाजूचं बटण दाबून धरलं. सीट हळूहळू पुढे येऊ लागली. "हं, सरक," ती पुटपुटली.

सीटला म्हणाली. लोक वस्तूंशी बोलतात. मी स्वतः मेणाच्या साच्यांशी बोलतो, कधीकधी शिव्याही देतो. पण मी ज्या आवाजात बोलतो तो वेगळा. हा आवाज पांघरुणात जागा मागताना असतो तसला होता.

रविवारी सकाळी ती अंघोळीला गेली असताना मी टेप घेऊन खाली पार्किंगमध्ये उतरलो. रुळावर सीट घासून जी खूण उमटली होती तिच्यापासून पेडलपर्यंतचं अंतर मोजलं. ज्याचे पाय त्या सीटवर आरामात पसरतील तो माणूस सहा फुटांच्या वर भरत होता.

त्यानंतरचे दोन-तीन दिवस मी जगातल्या सगळ्या उंच माणसांचा द्वेष केला. बायको हॉस्पिटलात लोकांचे कान तपासते. आवाजबंद खोलीत पेशंटला बसवायचं, कानात बारीक टिकटिक सोडायची, ऐकू आलं की बटण दाबायला सांगायचं. तिथला भुलीचा डॉक्टर उंच होता. आमच्या वरच्या मजल्यावरचा पोहण्याचा मास्तर उंच होता, वर निर्लज्जासारखा रोज सकाळी ओल्या केसांनी जिन्यात भेटायचा. तिच्या आतेभावालाही मी सोडलं नाही. तो बिचारा परदेशात असतो.

बायकोला मात्र काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने उत्तर दिलं असतं, आणि उत्तराशी काय करायचं ते मला ठरवता येत नव्हतं.

घरी ती नेहमीसारखीच होती. साडेसहाला यायची, चप्पल काढायची, चहा टाकायची.

"कसा गेला दिवस?"

"ठीक."

"गर्दी होती?"

"होती थोडी."

एवढंच. अकरा वर्षांत आमचं बोलणं झिजत झिजत इतकंसं उरलं होतं आणि मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. लॅबमध्ये दिवसभर घासण्याच्या यंत्राची घरघर असते, घरी आल्यावर मलाही शांतताच हवी असायची. पण आता त्या ‘ठीक’कडे मी टक लावून बघू लागलो. ही बाई कुठेतरी सगळं बोलून येते. माझ्या वाट्याला नुसता ‘ठीक’ उरतो.

३

बुधवारी ‘सर्व्हिसिंगला टाकतो’ असं सांगून मी गाडी घेतली आणि चावीवाल्याकडे नेली. शिंपी आणि चपला दुरुस्त करणारा यांच्या मध्ये त्याचं अरुंद दुकान. भिंतभर किल्ल्या लटकत होत्या, पण टेबलावर लॅपटॉप होता. माणूस साठीचा, चष्मा कपाळावर, बोलणं सावकाश.

"बायकोची गाडी किल्ली आत ठेवून बंद झाली," मी सांगितलं. "असं होतं का?"

"होत नाही. दुसरी किल्ली बाहेर असली तरच." त्याने एक वायर गाडीला जोडली, चष्मा खाली ओढला आणि पडद्याकडे बघत राहिला. "तिसरी किल्ली कुणाकडे असते?"

"दोनच आहेत."

"गाडीला तीन माहीत आहेत, साहेब."

"कारखान्यातली चूक असेल."

"असू शकते." तो भला माणूस, माझी बाजू घेऊ पाहत होता. पण मग त्याने खाली सरकवत सरकवत वाचायला सुरुवात केली. "एक नंबरची किल्ली, मॅडमची. रोज वापरात. दोन नंबरची, तुमची. महिन्यातून एखाद वेळ. तीन नंबर…" तो थांबला. "सोमवार ते शुक्रवार, चार वीसला दार उघडतं. पाचला बंद होतं. शनिवारी एकदा दिसतेय, दुपारी."

"कधीपासून?"

"गाडी घेतली तेव्हापासून. पहिल्याच दिवशी नोंद झाली आहे, तुमच्या दोन किल्ल्यांबरोबर."

त्याने लॅपटॉपकडे बघत, माझ्याकडे न बघता विचारलं, "घरात आणखी कुणी गाडी चालवतं का?"

"नाही."

"हं." त्या ‘हं’मध्ये इतकी माणुसकी होती की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "हवं तर पुसून टाकतो. तुम्हाला ठेवायच्या असतील त्या किल्ल्या इथे हव्यात, दोन्ही. त्या नव्याने ओळखवायच्या. जी समोर नसेल ती गाडी विसरते. मग ती किल्ली म्हणजे नुसतं प्लास्टिक."

माझ्याजवळ त्या दिवशी एकच होती. आणि खरं सांगायचं तर मला पुसण्याआधी बघायचं होतं. त्या तिसऱ्या किल्लीवाल्याचं तोंड बघायचं होतं.

४

हॉस्पिटलचं पार्किंग तीन मजली आहे, बाजूंनी उघडं. गुरुवारी चारला मी दुसऱ्या मजल्यावर पोचलो. आभाळ भरलेलं होतं आणि हवा गार. रखवालदार प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून नखं कापत होता. लॅबचं पार्सल द्यायला मी तिथे जात असतो, त्यामुळे तो मला ओळखतो. कुणाचा नवरा म्हणून नाही, कवळीवाला म्हणून.

"ती निळी गाडी कुणाची?" मी सहज विचारल्यासारखं केलं.

"कानवाल्या मॅडमची. आता येतील बघा. रोज या वेळेला येऊन बसतात अर्धा-पाऊण तास. डोकं शांत करत असतील."

"एकट्याच?"

"एकट्याच." त्याने नखं झटकली. "पण स्वतःची गाडी असून बसतात बाजूच्या सीटवर. स्टिअरिंगसमोर कधी नाही. मी आपलं म्हटलं, असते एकेकाची सवय."

मी खांबाआड गेलो. आपण काय करतो आहोत हे मला कळत होतं. चाळिशी ओलांडलेला माणूस, शर्टावर प्लास्टरचे डाग, खांबाला चिकटून बायकोवर पाळत ठेवतो आहे. लाज वाटत होती. तरी पाय हलेनात.

चार वीसला गाडीचे दिवे दोनदा लुकलुकले. आरसे उघडले. आसपास चिटपाखरू नव्हतं. रखवालदाराने मान वर केली नाही. त्याच्या लेखी ते रोजचंच असावं.

मग गाडी एका बाजूला किंचित खाली बसली. कुणीतरी आत बसलं की बसते तेवढीच. दार उघडलेलं मी पाहिलं नाही. पापणी लवली असेल, मी स्वतःला सांगितलं. आतली सीट घर्रर्र करत मागे गेली आणि थांबली.

दोन मिनिटांनी बायको आली. जिन्यातून येताना तिने केस सारखे केले. माझ्यासाठी तिने शेवटचे केस कधी सारखे केले होते, ते मला आठवेना. बाजूचं दार उघडून आत बसली आणि दार पूर्ण लागण्याआधीच बोलायला लागली. शब्द ऐकू येत नव्हते. पण मी जबडे वाचतो. ती सकाळपासूनचं सगळं सांगत होती, बारीकसारीक. कुणीतरी बटण उलटं धरलं होतं, ते हाताने करून दाखवत होती. मग गप्प झाली आणि ऐकू लागली, किंचित पुढे झुकून. मग उत्तर दिलं. मग हसली, आणि दाढेवरची माझी कॅप पुन्हा चमकली.

ड्रायव्हरच्या सीटवर कोणी नव्हतं.

हे मी नीट पाहिलं. तीन वेळा डोळे चोळून पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. फक्त ड्रायव्हरच्या बाजूच्या काचेवर, माझ्या डोक्यापेक्षा वीतभर उंच बसणाऱ्या माणसाचं तोंड जिथे येईल तिथे, आतून वाफेचा एक डाग होता. तो लहान झाला. मोठा झाला. पुन्हा लहान झाला. सावकाश, स्वस्थपणे.

आणि मग तोंड तिच्याकडे वळावं तसा तो डाग विरला. तोंड माझ्याकडे वळलं असतं, तर काच जास्त धुरकटली असती. तसं झालं नाही. त्याला बाहेरच्या कशाचंच काही पडलेलं नव्हतं. तो तिचं ऐकत होता.

तेव्हा पळून जायला हवं होतं. शहाण्या माणसाने तेच केलं असतं. माझ्या मनात मात्र एकच आलं: आठ महिने! आठ महिने रोज चाळीस मिनिटं.

५

पुढच्या मंगळवारी हॉस्पिटलची व्हॅन शाळांमध्ये कान तपासायला जायची होती. बायको व्हॅनने गेली. गाडी आमच्या इमारतीच्या तळघरात राहिली आणि तिची किल्ली टेबलावर. मी लॅबमध्ये दात दुखतो म्हणून सुट्टी सांगितली. सगळे हसले.

चावीवाल्याला मी मुद्दाम चारची वेळ दिली होती. त्याने वायर जोडली, लॅपटॉप टपावर ठेवला. मी दोन्ही किल्ल्या त्याच्या हातात दिल्या.

"मॅडमना विचारलंय ना?"

"गाडी घरचीच आहे."

त्याने माझ्याकडे बघितलं आणि पुढे विचारलं नाही. वायर, टकटक, दुसरी कसलीशी टकटक. मी घड्याळ बघत होतो. बायको इथे नव्हती. गाडी हॉस्पिटलात नव्हती. आज कोणी कशाला येईल, असं एक मन म्हणत होतं. दुसरं मन मिनिटं मोजत होतं.

दिवे लुकलुकले. आरसे उघडले.

"तुम्ही बटण दाबलंत?" चावीवाल्याने विचारलं.

"हो," मी म्हटलं. दोन्ही किल्ल्या त्याच्याच हातात होत्या.

गाडी खाली बसली. घर्रर्र. त्याने ऐकलं, कारण तो वाकून काचेतून आत बघू लागला. मग लॅपटॉपकडे बघितलं.

"साहेब, ती तिसरी किल्ली आत आहे."

"कुठे?"

"ड्रायव्हरच्या सीटपाशी दाखवतंय." त्याने दार उघडलं. सीट रिकामी. त्याने चटया उचलल्या, सीटखाली हात घातला, दाराचे खण तपासले. मग सीटवरून हात फिरवला आणि झटकन मागे घेतला.

"काय झालं?"

"गरम आहे." तो इकडेतिकडे बघू लागला. "ऊन येत असेल."

तळघरात ऊन येत नाही. हे दोघांनाही माहीत होतं. त्याने दार लावलं, हळूच, झोपलेल्याच्या खोलीचं लावावं तसं.

"आधी ती किल्ली शोधू या," तो म्हणाला. आवाज उतरला होता. "आत राहिलेली पुसायची म्हणजे… मग तिने ना आतून काही उघडायचं, ना बाहेरून. शोधून मग पुसू. घाई काय आहे?"

मला शनिवारची तिची मान आठवली, मागे टाकलेली. "पुसा," मी म्हटलं.

"साहेब…"

"पुसा हो!"

त्याने कळ दाबली. लॅपटॉपने लहानसा आवाज केला आणि पडद्यावर दोन किल्ल्या उरल्या. किती बरं वाटलं म्हणून सांगू! कित्येक वर्षांत असं वाटलं नव्हतं. घुसलेल्याला मी घराबाहेर काढलं होतं. निदान तसं मला वाटत होतं.

तो वायर गुंडाळत असताना आवाज आला. टक्. ड्रायव्हरच्या दारामागून. मी वाकून काचेतून पाहिलं. दाराची आतली मूठ वर उचलली गेली आणि खाली पडली. पुन्हा उचलली गेली. टक्. जोर नव्हता, घाई नव्हती. नेहमी उघडणारं दार आज का उघडत नाही, हे समजून घेत असल्यासारखी.

"सेन्सर खराब असेल," चावीवाला माझ्याकडे पाठ करून म्हणाला. त्याने पैसेही घेतले नाहीत. उताराने चालत वर गेला, आणि शेवटी शेवटी तर पळतच.

मी दोन्ही किल्ल्या खिशात घालून तिथेच उभा राहिलो. टक्. टक्. पाच वाजले तरी थांबलं नाही.

६

बायको साडेसहाला आली ती सरळ वर आली नाही. मी खिडकीतून व्हॅन गेलेली पाहिली, पण दार वाजायला अर्धा तास लागला. आत आली तेव्हा चप्पल तशीच पायात होती.

"तू किल्ली काढून टाकलीस," ती म्हणाली.

मी ठरवलं होतं की काहीच माहीत नाही असं दाखवायचं. पण तिने विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

"म्हणजे तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"माझ्या गाडीत रोज कोण बसतं ते मला माहीत नसेल?"

"कोण बसतं?"

ती खुर्चीवर बसली. "पहिल्या दिवशी घाबरले होते. तुला फोनसुद्धा केला होता. तू म्हणालास, यंत्र चालू आहे, ऐकू येत नाही, नंतर बोल."

"मग नंतर का नाही बोललीस?"

"नंतर तू विचारलं नाहीस. आणि मग भीती गेली." तिने खांदे उडवले. "मी दिवसभर लोकांना विचारते, ऐकू येतंय का, ऐकू येतंय का. तिथे बसले की कुणीतरी ऐकायचं. एवढंच."

"बोलतो काय तो?"

"काही नाही."

"मग तू उत्तरं कशाची देतेस? मी पाहिलंय."

"पाहिलंस?" तिने मान वर केली. "खांबामागून?"

माझे कान तापले. मी विषय बदलला. माझ्या तोंडून जे निघालं ते निघायला नको होतं. "तो पुरुष आहे की बाई?"

बायको माझ्याकडे बघत राहिली. त्या बघण्यात राग असता तर परवडलं असतं.

"तुला तेवढंच पडलंय," ती म्हणाली.

"मला कळायला हवं."

"मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही." ती उठली, चप्पल काढली, गॅसकडे गेली, आणि तिथेच पाठमोरी उभी राहिली. "तुला कळतंय का तू काय केलंस? आधी पाच वाजले की ते जायचं. मी परत कामाला लागायचे. घरी यायचे ती एकटी यायचे. तुझं काय जात होतं रे? तू पुसलंस तेव्हा ते आत होतं."

"मग?"

"आता कसं जाणार?"

मी म्हटलं की उद्या गाडी विकून टाकू. ती म्हणाली, गाडी तिची आहे. त्यानंतर तिने चहा टाकला. कप माझ्यासमोर ठेवला आणि स्वतःचा घेऊन खाली पार्किंगमध्ये गेली.

बुधवारी ती लवकर निघाली. गुरुवारी त्याहून लवकर. संध्याकाळी गाडी आत आली की मी वरून ऐकायचो. इंजिन बंद व्हायचं आणि दार उघडण्याचा आवाज तासतासभर यायचा नाही.

७

रविवारी सकाळी सासूबाईंकडे जायचं होतं. गाडी मी चालवणार असं मी आदल्या दिवशीच जाहीर केलं होतं. तंटा होईल असं वाटलं होतं, पण तिने निमूटपणे मान डोलावली आणि बाजूच्या सीटवर जाऊन बसली.

मी दार उघडून आधी हाताने सीट चाचपली. थंड. बसलो. खिशात माझी किल्ली होती आणि सीट सरकत बरोबर माझ्या मापावर येऊन थांबली. आरसे माझ्या डोळ्यांना लागले. मी पट्टा ओढला, तिनेही ओढला. मला जवळजवळ हसू आलं. पाच दिवस मी उगाच एका दाराच्या आवाजाला घाबरत होतो. ही जागा माझी होती आणि मी तिच्यावर बसलो होतो.

"बघ," मी म्हटलं, "कोणी नाही."

ती समोर बघत होती.

उतार चढून आम्ही रस्त्यावर आलो. रविवारची मोकळी सकाळ, दुकानं नुकती उघडत होती. कोपऱ्यावर वळलो आणि गाडीत घंटी वाजली. टिंग. मी समोरच्या पडद्याकडे पाहिलं. वरून पाहिलेल्या गाडीचं छोटं चित्र, त्यात पाच जागा. पुढच्या दोन हिरव्या. मागची एक, माझ्या पाठीमागची, लाल.

"मागे काही ठेवलंयस?" मी विचारलं.

"नाही."

टिंग. टिंग. बसलेल्या माणसाने पट्टा लावला नाही की ही गाडी अशी मागे लागते. मी आरशात पाहिलं. मागची सीट रिकामी होती. चामड्यावर एक खोलगट जागा होती, ऊन तिच्यात साचलं होतं. मी नजर रस्त्यावर आणली. सेन्सर, मी मनात म्हटलं. सेन्सर, सेन्सर.

मग माझ्या पाठीत काहीतरी रुतलं. सीटच्या मागून, कमरेच्या दोन्ही बाजूंना, एकेक. जोराने नाही. उंच माणूस मागे अवघडून बसला की त्याचे गुडघे पुढच्याच्या पाठीला लागतात, तसे.

टिंग टिंग टिंग टिंग.

"बेल्ट लाव ना," बायको म्हणाली.

मान न वळवता, समोर बघत, अगदी हलक्या आवाजात. माझा पट्टा लावलेला होता. तिचाही होता.

मागे पट्टा ओढला गेल्याचा लांब सरसर आवाज झाला. खट्. घंटी थांबली. पडद्यावरची लाल जागा हिरवी झाली.

सिग्नल लागला होता. मी ब्रेकवर पाय दाबून बसलो. पाठीतले गुडघे माझ्या श्वासाबरोबर हलत नव्हते, त्यांची लय वेगळी होती. मला घाम फुटायला हवा होता, दार उघडून रस्त्यावर धावत सुटायला हवं होतं. पण मी तिचे ते तीन शब्द पुन्हा पुन्हा ऐकत होतो. अकरा वर्षांत ती मला शेकडो वेळा ‘बेल्ट लाव’ म्हणाली असेल. असं कधी म्हणाली नव्हती. एकदाही नाही.

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीने हॉर्न दिला.

बायकोने दोन सीटच्या मधून आपला हात मागे नेला आणि तळवा वर करून तसाच ठेवला. मी आरशात बघितलं नाही, डोळ्याच्या कोपऱ्यातून तिचा हात मात्र दिसत होता. थोड्या वेळाने तिची बोटं मिटली. पुरती मिटली नाहीत. मध्ये जागा राहिली होती, एका हाताएवढी.